आर्विडचा आकडा

एके काळी आर्विड टोस्टरुडच्या खिशात कायम चार-दोन खिळे असायचे. चर्चला जायच्या कोटातसुद्धा. कुणाच्या फाटकाची बिजागरी सुटली, गवताच्या गाडीचा दांडा निसटला, दूध काढायच्या यंत्राची पिन हरवली, की हा खिशातून खिळा काढायचा, भोकातून सरकवायचा आणि पक्कडीने दोनदा वाकवायचा. एकदा बाजूला, मग टोक परत आत, कुणाची विजार फाटू नये म्हणून. "तात्पुरतं आहे हं," म्हणायचा आणि निघायचा. ते तात्पुरतं वीस-वीस वर्षं टिकायचं. विस्कॉन्सिनच्या त्या अख्ख्या दरीत, गोठ्यागोठ्यांतून असे दुमडलेले खिळे होते. लोक त्याला आर्विडचा आकडा म्हणायचे, आणि आर्विडला त्याचा भारी अभिमान होता.

१९७४ च्या जुलैनंतर मात्र त्याने एकही खिळा वाकवला नाही. त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात फळीवर मापामापाच्या खऱ्या पिनांचे डबे आले. लोक म्हणाले, चला, नॉर्वेजियन सुधारला.

त्या जुलैत डेलमर हॅल्वर्सनची बायको आर्डिस घरामागच्या उतारावर गवत कापत होती. बागेचा छोटा लाल ट्रॅक्टर होता. चढावर तो मागे घसरला, खालच्या ओढ्यात उलटला आणि आर्डिस त्याच्याखाली गेली. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. शेरिफच्या माणसाने कागदावर चालवणाऱ्याची चूक असं लिहिलं. डेलमरने साखळी लावून ट्रॅक्टर वर ओढला, शेडच्या कोपऱ्यात ढकलला, वर ताडपत्री टाकली आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

ती गेली त्याच्या चार दिवस आधी आर्विड त्याच ट्रॅक्टरखाली पडला होता. आर्डिसने पात्याचा पट्टा बदलायला बोलावलं होतं. डेलमर दुधाचा ट्रक घेऊन बाहेर गेलेला. पट्टा बदलता बदलता आर्विडला दिसलं, की ब्रेकची सळई पेडलला जोडणाऱ्या पिनेची स्प्लिट पिन तुटून गेली आहे. ती नसली की मुख्य पिन केव्हाही निसटणार. जवळ स्प्लिट पिन नव्हती, खिळा होता. त्याने आकडा घातला, आर्डिसच्या हातची रुबार्बची आंबटगोड पाई खाल्ली आणि घरी गेला. बोलावलं होतं पट्ट्याला, म्हणून ब्रेकचं काही बोललाच नाही. शनिवारी खरी पिन आणून घालू, असं त्याने मनात म्हटलं होतं.

हे सदतीस वर्षं त्याने कुणालाच सांगितलं नाही. ट्रॅक्टरखाली जाऊन पाहिलंही नाही. खिळा तुटला असेल किंवा नसेलही. न पाहिल्यामुळे दोन्ही खरं राहत होतं, आणि त्या पडद्याआड तो जगत होता. दर शुक्रवारी बारमध्ये डेलमरसमोर बसून तळलेला मासा खायचा, पत्ते खेळायचा आणि शेवटचा डाव डेलमरलाच जिंकू द्यायचा.

मग २०११ च्या एप्रिलमध्ये डेलमर त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

"तुझीच वाट बघत होतो. दुसरा उद्योग काय मला?"

"शेड रिकामी करतोय. मुलगी मागे लागलीये, म्हातारपणी गावातल्या फ्लॅटमध्ये राहा म्हणून." डेलमरने टोपी काढून डोकं खाजवलं. "तो बाहेर काढलाय."

कोण तो, हे विचारायची गरज नव्हती.

"भंगारवाल्याला दे की."

"नाही देत. सुरू करायचाय. ऑगस्टला मळणीच्या जत्रेत सगळे आपापली जुनी यंत्रं मिरवतात, मीपण मिरवीन. माझ्या कमरेत लोखंडी सांधा, तुला एका कानाने ऐकू येत नाही. दोघं मिळून एक अख्खा मेकॅनिक होतो."

"डेल, मला नाही जमायचं आता."

"मग त्या पुलाजवळच्या वर्कशॉपमध्ये नेतो. तो म्हणतोय, लिफ्टवर उलटा टांगून स्क्रू न् स्क्रू मोकळा करून देतो."

आर्विडने कोट चढवला. त्याला मदत करायची नव्हती, पण दुसऱ्या कुणी खाली वाकून बघायला नको होतं. एवढंच कारण होतं. उगाच त्याला मैत्रीचा मुलामा कशाला द्यायचा?

पहिले तीन आठवडे खरं तर बरे गेले. इंजिन पार जाम झालेलं. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं, रोज सकाळी हातोडीच्या दांड्याने हळूच टोकलं, आठव्या दिवशी चाक बोटभर फिरलं. पंख्याच्या झाकणाखाली उंदरांचं तीन पिढ्यांचं घर निघालं. डेलमर स्टुलावर बसून बॉनेटचा गंज घासायचा आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा.

"हळू रे, पान्हा आहे तो, गाईचं शेपूट नव्हे."

"तू घास. घासायला अक्कल लागत नाही म्हणून तुला दिलंय ते काम."

"अक्कल असती तर तुला बोलावलं असतं का?"

सीटखालच्या पेटीत एक चामड्याचा हातमोजा सापडला. डाव्या हाताचा, बायकी मापाचा, वाळून कडक झालेला. डेलमरने तो दोन्ही हातांत धरला, मग शर्टाच्या खिशात ठेवला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात खालची बाजू उघडायची वेळ आली. डेलमरला आडवं होणं शक्य नव्हतं. आर्विडने ट्रॅक्टर लाकडी ओंडक्यांवर चढवला, पुठ्ठा पसरला आणि बॅटरी घेऊन आत सरकला.

पेडलच्या मुळाशी गवताचा आणि ग्रीसचा वाळलेला एक गोळा होता, मुठीएवढा. सळई खाली लोंबत होती. पेडलला ती जोडलेलीच नव्हती. आर्विडने गोळा बोटांनी फोडला. आत मुख्य पिन होती, अर्धी बाहेर निघून सळईच्या टोकाच्या एका भोकात तिरकी अडकलेली. तिच्याशेजारी चिकटलेला अर्धा खिळा. झिजून मधोमध तुटलेला, पण टोकाकडचा भाग शाबूत. एकदा बाजूला, मग परत आत.

आर्विड तसाच पडून राहिला. पेडल दाबल्यावर चाकांना ओढणारा इंजिनाचा पट्टा सुटला असणार, आणि ब्रेकच्या जागी काहीच नसणार. ती बिचारी रिकाम्या पेडलवर पाय दाबत मागे मागे गेली.

"काय दिसतंय?" वरून डेलमरचा आवाज.

"चिखल."

"एवढा वेळ चिखल बघतोयस?"

"सदतीस वर्षांचा आहे." त्याने खिळा विजारीच्या खिशात टाकला. पिन सळईसकट काढून रॉकेलच्या डब्यात बुडवली. चाकाला धरून कसाबसा बाहेर आला, तेव्हा डेलमर म्हणाला, "म्हातारा झालास रे."

दुपारी दोघं शेडच्या दारात बसून जेवत होते. हरणाच्या मांसाचं सॉसेज, चीज, पाव, थर्मासमधली कॉफी. डेलमर समोरच्या उताराकडे बघत म्हणाला, "तुला एक विचारायचं होतं."

"विचार."

"मी तिला शिकवलं होतं, घाबरलीस की पेडल दाब. एवढंच. अर्धं दाबलं की नुसता पट्टा सुटतो, तळाला नेलं की मगच ब्रेक लागतो, हे मी तिला सांगितलंच नाही. ट्रकवर जायची घाई होती. म्हटलं, त्यात काय सांगायचंय, पाय पडला की जाईल तळाला." त्याने पाव खाली ठेवला. "अर्धंच दाबलं असेल तिने. अर्ध्यावर ट्रॅक्टर मोकळा सुटतो. उतारावर मोकळा. सगळी वर्षं मी हेच बघत आलोय, आर्विड. मग एक दिवस वाटलं, कदाचित तसं नसेल. कदाचित काहीतरी तुटलं असेल. मी कधी बघितलंच नाही ना. हिंमत नव्हती. जत्रा-बित्रा सोड, मला तेवढंच बघायचं होतं. मला खाली जाता येत नाही, म्हणून तू." आता त्याने मान वळवली. "सळई जोडलेली होती का?"

आर्विडच्या तोंडात घास होता. त्याने तो चावला आणि गिळला.

"होती."

"पिन?"

"होती. सगळं जागच्या जागी."

डेलमरने मान हलवली. "बरं," म्हणाला. "मला वाटलंच होतं." त्याने उरलेलं सँडविच कागदात नीट गुंडाळलं आणि डब्यात परत ठेवलं.

घरी जाताना आर्विडने स्वतःची समजूत घातली. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला आता हे कळून काय उपयोग? आणखी एक दुःख कशाला? समजूत छान पटली, कारण त्याला ती पटवून घ्यायचीच होती. भेकड माणसाला दयाळू व्हायला वेळ लागत नाही. पण खिळा फेकून द्यायला त्याचा हात धजला नाही. तो खिशातच राहिला.

त्यानंतर आर्विडने त्या ट्रॅक्टरवर जे काम केलं, तसं त्याने आयुष्यात कुठल्या यंत्रावर केलं नव्हतं. ब्रेकचा नवा पट्टा घातला. नवी पिन स्वतः घडवली. स्प्लिट पिना दोन्ही बाजूंनी घातल्या, गरज एकीचीच असताना. तीनदा ब्रेक लावून पाहिला, तीनदा परत जुळवला. डेलमरने लाल रंगाचे चार हात दिले, प्रत्येक हातामध्ये घासून, असा की बॉनेटमध्ये तोंड दिसावं. पण त्याचा तोंडाचा पट्टा बंद पडला. आर्विडने डिवचलं तरी तो नुसता हं म्हणायचा. शुक्रवारी मासा खायला येईनासा झाला. विजार पट्ट्याने आवळून बांधावी लागे, इतका उतरला.

इंजिन सुरू झालं तेव्हाही तो हसला नाही. "चालू झालं," एवढंच म्हणाला आणि बंद केलं.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी आर्विड बारमध्ये एकटाच बसला होता. शेजारी मार्सेला येऊन बसली. चर्चच्या दफनभूमीची वही तीच सांभाळायची.

"तुझ्या मित्राला झालंय काय?" ती म्हणाली. "दगडवाल्याला बोलावलंय त्याने. दगडावरचं स्वतःचं नाव घासून काढायला सांगितलंय."

"कुठल्या दगडावरचं?"

"किती दगड आहेत त्याचे? आर्डिसच्या."

तिकडे रीतच ती. नवरा-बायकोपैकी एक गेलं की दोघांचा मिळून एकच दगड बसवतात. मागे राहिलेल्याचं नावही तेव्हाच कोरतात, जन्माचं साल घालतात आणि पुढची जागा कोरी ठेवतात. डेलमर सदतीस वर्षं दर रविवारी त्या कोऱ्या जागेसमोर उभा राहत आला होता. आपण कुठे जायचं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याच आधारावर त्याचं चाललं होतं.

"मी विचारलं त्याला," मार्सेला म्हणाली. "म्हणाला, तिच्याशेजारी झोपायचा मला हक्क नाही. मे महिन्यापर्यंत थोडी आशा होती, आता नाही. काय रे बोलणं हे? सोमवारी येणार आहे दगडवाला."

आर्विडने समोरची बशी बाजूला सारली. मासा तसाच राहिला.

शनिवारी सकाळी तो गेला तेव्हा शेड उघडी होती आणि आत ट्रॅक्टर नव्हता. इंजिनाचा आवाज घरामागून येत होता. डेलमर उतारावर होता, बरोबर मध्यावर. आर्विड धापा टाकत वर चढला. त्याच्या डोळ्यांदेखत डेलमरने पेडल अर्धं दाबलं. ट्रॅक्टर मागे घसरायला लागला, ओढ्याच्या दिशेने. मग त्याने पाय तळापर्यंत नेला आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. गवतावर चाकांचे लांब पट्टे उमटले होते. हे तो सकाळपासून किती वेळा करत होता कोण जाणे.

"बघ," डेलमर म्हणाला. "तळाला नेलं की थांबतो. एवढं एक वाक्य होतं. एवढंच सांगायचं होतं तिला."

"इंजिन बंद कर, डेल."

"का?"

"बंद कर म्हणतोय ना."

डेलमरने चावी फिरवली. आर्विडने खिशात हात घातला आणि अर्धा खिळा त्या चकचकीत बॉनेटवर ठेवला. तो घरंगळायला लागला, म्हणून त्यावर बोट धरलं.

डेलमर वाकून बघत राहिला. त्या दरीतल्या कुणालाही तो ओळखायला क्षणही लागला नसता.

"हा आकडा," तो म्हणाला.

"हो."

"कुठे होता?"

"सळईच्या तोंडाशी, ग्रीसमध्ये. पिन निसटली होती. सळई लोंबत होती नुसती." आर्विडने सगळं सांगून टाकलं. "गुरुवारी आलो होतो, पात्याच्या पट्ट्याला. तू ट्रकवर होतास. मी हा घातला आणि काही बोललो नाही. शनिवारी खरी आणणार होतो."

"शनिवारी तुझ्या चुलतभावाचं लग्न होतं."

"हो."

"आम्हीपण आलो होतो. आर्डिस नाचली तुझ्याबरोबर. पोल्का."

"नाचताना आठवलं होतं मला," आर्विड म्हणाला. "म्हटलं, सोमवारी."

सोमवारीच ती गेली होती. डेलमरने पायाखालच्या पेडलकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "म्हणजे तिने तळापर्यंत दाबलं होतं."

"दाबलंच असणार. शेवटपर्यंत. ब्रेकच नव्हता."

"तळापर्यंत दाबलं होतं तिने." त्याने चेहरा दोन्ही तळहातांत घेतला. खांदे हलले. रडत होता, आणि त्या रडण्यात सुटका होती, हे आर्विडला दिसत होतं. त्याला एकदम वाटलं, झालं, संपलं, आता आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवू शकतो. त्याने हात पुढे केलासुद्धा.

"मे महिन्यात मी तुला विचारलं होतं," हातांआडून डेलमर म्हणाला.

आर्विडचा हात तिथेच राहिला.

"खिळ्याचं काय, माणूस विसरतो. मीपण विसरलो होतो एक वाक्य सांगायला. तुझा खिळा मी गिळला असता रे, आर्विड. महिना लागला असता, वर्ष लागलं असतं, पण गिळला असता." त्याने हात खाली घेतले. डोळे लाल होते आणि आवाज अगदी साधा. "पण मी तुझ्या तोंडाकडे बघून विचारलं. तू सँडविच खात होतास. घास गिळलास आणि होती म्हणालास."

"मी घाबरलो होतो."

"तीपण घाबरली होती."

डेलमरने पेडल तळाशी नेऊन त्याची कडी अडकवली. ब्रेक लागलेला राहावा म्हणून ती कडी असते. मग तो लोखंडी सांधा सांभाळत, सीटला धरून खाली उतरला. आर्विड आधार द्यायला पुढे झाला. डेलमर थांबला, आणि आर्विड मागे सरेपर्यंत हललाच नाही. बॉनेटवरचा खिळा उचलून त्याने शर्टाच्या खिशात टाकला. त्याच खिशात आर्डिसचा हातमोजा होता.

"घरी जा," तो म्हणाला आणि मागे न बघता उतारावरून घराकडे गेला.

सोमवारी दगडवाला आला नाही. मार्सेलाने सांगितलं, डेलमरने त्याला फोन करून नको म्हटलं. पुढच्या रविवारी आर्विड लांबूनच बघून आला. दगडावर दोन्ही नावं होती, कोरी जागाही होती. तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटलं.

मळणीच्या जत्रेत मिरवणूक निघाली तेव्हा लाल ट्रॅक्टर त्यात नव्हता. शुक्रवारी बारमध्ये आर्विड दाराकडे तोंड करून बसायचा. डेलमर आला नाही. एकदा पेट्रोल पंपावर समोरासमोर आले, तेव्हा डेलमरने टोपीला हात लावला, अनोळखी माणसाला लावतात तसा. फोन केला तर तो उचलून ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. गावातल्या फ्लॅटचं त्याने रद्द केलं होतं.

ट्रॅक्टर उतारावरच होता. जिथे डेलमर उतरला होता तिथेच, नाक वर करून. आर्विडच्या घरून गावात जायचा रस्ता समोरूनच जायचा. ऑगस्टचा पाऊस त्यावर पडला. सप्टेंबरमध्ये गवत चाकांच्या वर गेलं. ऑक्टोबरात सीटवर पानांचा थर बसला, आणि चार हात देऊन चमकवलेला तो रंग बॉनेटच्या कडेने फुगायला लागला. डेलमरने तो हलवला नाही. झाकलासुद्धा नाही.

रोज तिथे आल्यावर आर्विडचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी हळू करून तो काच खाली घ्यायचा आणि चाकांच्या मागचं गवत बघायचा. कुठे चेपलंय का, ट्रॅक्टर वीतभर तरी ओढ्याकडे घसरलाय का. पहिला बर्फ पडला त्या दिवशीही त्याने बघितलं. मागच्या चाकांमागे बर्फ सपाट होता. ट्रॅक्टर तसूभरही हलला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत डेलमर उभा होता, हातात कप घेऊन, आणि तोही तिकडेच बघत होता. आर्विडने काच वर केली आणि गावाकडे गेला.